समुद्रकाठच्या घाटवाटेने सायकलवर

समुद्राला लागून जाणारा डोंगरी रस्ता उंचीच्या आकड्यांत अगदी साधा वाटतो. तीन-चारशे मीटरच्या वर तो सहसा जात नाही. पण प्रत्येक नदीच्या मुखाशी तो पाण्याच्या पातळीला उतरतो आणि पुढचं भूशिर ओलांडायला पुन्हा वर चढतो. दीडशे मीटरचे असे आठ चढ झाले की दिवसाचा चढ १२०० मीटर होतो, आणि तोही तुकड्यातुकड्यांत, त्यामुळे पायांना एक लय सापडत नाही. म्हणून मुक्काम ठरवताना मी किलोमीटरऐवजी एकूण चढ धरला. सत्तर किलोमीटरचा दिवस नव्वदच्या दिवसापेक्षा जड जाऊ शकतो, हे इथे रोज पटत होतं.

दिशाही विचार करून निवडली. वाहनं डावीकडून चालत असतील तर समुद्र डाव्या हाताला ठेवावा, उजवीकडून चालत असतील तर उजव्या. म्हणजे आपण कड्याच्या बाजूला असतो, मधे दुसरी लेन येत नाही आणि थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. त्या मोसमातला वारा पाठीशी असेल तर उत्तमच. दोन्ही जमत नसेल तर मी वाऱ्याचं ऐकेन.

सगळ्यात जास्त विचार गिअरवर केला, आणि तो सत्कारणी लागला. पुढे पेडलजवळच्या चक्रीला ३४ आणि मागे चाकाच्या चक्रीला ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. सामानासह ९० किलो वजन आठ टक्क्यांच्या चढावर या वेगाने न्यायला दीडशे वॉटच्या आसपास ताकद लागते. एका चढाला ठीक आहे, दिवसभर नाही. पुढे ३० आणि मागे ३६ केल्यावर त्याच फेऱ्यांत वेग सव्वासहावर येतो, ताकद सव्वाशे वॉटपर्यंत उतरते आणि गुडघे वाचतात. हळू चढण्यात काहीच कमीपणा नाही. उलट त्या वेगात खालच्या खडकांवर फुटणारी प्रत्येक लाट नीट बघता येते. मला हे रस्ते आवडतात ते यासाठीच.

निघायचो पहाटे. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी त्याला जोर चढतो. डोंगराच्या आडोशातून भूशिराच्या टोकावर आलं की तो एकदम अंगावर येतो. अशा वळणाआधीच हँडल दोन्ही हातांनी धरायचं, पण घट्ट आवळायचं नाही. दमट हवा डोंगरावर चढताना थंड होते, म्हणून खाली लख्ख ऊन आणि माथ्यावर धुकं असं बरेचदा असायचं. माथ्यावर घामाने भिजलेल्या अंगावर जाकीट चढवल्याशिवाय उतार घेत नव्हतो.

उतारावर सामानाचं वजन जाणवतं. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम (चाकाची धातूची कड) किंवा डिस्क (चाकाच्या मध्याशी असलेली ब्रेकची चकती) तापत जाते; रिम ब्रेक असेल तर ट्यूब फुटण्याचीही भीती. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावायचे, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचे. वळणात बाहेरचं पेडल खाली, नजर वळण संपतं तिथे. पुढचं दिसत नसेल तर वेग तेवढाच, जेवढ्यात दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल.

खाणं भुकेची वाट न बघता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, थोडी थोडी, शक्यतो चढ सुरू होण्याआधी.

संध्याकाळी कितीही थकवा असला तरी सायकल गोड्या पाण्याने पुसायची, साखळी कोरडी करून तेल घालायचं आणि जादा तेल फडक्याने टिपून घ्यायचं. खारी हवा एका रात्रीतही साखळीवर गंज धरवते. बोल्ट तपासायचे, विशेषतः कॅरिअरचे. ब्रेक पॅडवर किती रबर उरलंय ते बघायचं आणि दुसऱ्या दिवसाच्या चढांचा आलेख एकदा डोळ्याखालून घालून झोपायचं.