काळीत बांधलेले घर आणि भिंतीतल्या भेगा

परभणीच्या बाहेरच्या वस्तीतले आमचे घर वडिलांनी 2004 साली बांधले. त्याआधी त्या जागेवर कापूस आणि ज्वारी पिकत असे. आमच्या भागात जमिनीचे दोन भाग मानले जातात: पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. गाव पांढरीवर वसायचे आणि काळीत फार तर आखाडा, म्हणजे गुराढोरांचा आणि अवजारांचा शेतातला निवारा, असायचा. शहर वाढले, शेते अकृषक झाली, प्लॉट पडले आणि आम्ही काळीत राहायला आलो. ही वाटणी आपल्या आजोबा-पणजोबांनी किती जाणून केली होती, हे मला भिंतीला भेग पडल्यावरच नीट समजले.

2017 च्या मे महिन्यात आतल्या खोलीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग स्लॅबच्या दिशेने गेलेली दिसली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात भिंतीला भेग दिसली की माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि आमच्या आईचेही तेच झाले. घाईने एका ठेकेदाराला बोलावले. त्याने भेग खरवडून तीत व्हाइट सिमेंट आणि पुट्टी भरली, वरून रंग दिला आणि काम संपल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये त्याच जागचे प्लास्टर फुगून खपलीसारखे सुटले आणि पुढच्या मे महिन्यात जुन्या भेगेच्या शेजारी नवी भेग उघडली. आम्ही पैसे घालवले, पण त्याहून मोठी चूक ही की, भेग कशामुळे पडली हा प्रश्नच आम्ही कोणाला विचारला नव्हता.

काळ्या मातीचे वागणे समजून घेतल्याशिवाय तिच्यावरच्या घराची दुरुस्ती करता येत नाही. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, झिजून झालेली ही माती आहे आणि तीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भुईभेगा पडतात त्या यामुळेच. शेताला त्याचा उपयोगच होतो, कारण जमीन आपोआप उलथली जाते. घराला मात्र ही हालचाल सोसत नाही. त्यातही संपूर्ण घर एकसारखे वर-खाली झाले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा कोरडा पडून खाली जातो आणि दुसरा ओला राहून जागच्या जागी थांबतो, तेव्हा भिंत तडकते. म्हणून अशा घरात घराच्या वजनापेक्षा मातीतल्या ओलीचा तोल महत्त्वाचा असतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या खेपेला एका अनुभवी स्थापत्य अभियंत्यांना बोलावले. त्यांनी भिंतीला हात लावण्याआधी भेगा वाचायला शिकवले. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येणारी, जाळ्यासारखी बारीक रेघांची नक्षी ही बहुधा फक्त प्लास्टरची असते. स्लॅबच्या लगेच खाली जाणारी आडवी भेग साधारणपणे उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे पडते. कॉलम आणि विटांच्या सांध्यावरची उभी रेघ दोन वेगळ्या साहित्यांच्या वेगवेगळ्या वागण्याची असते. पायाशी नाते असलेली भेग बहुतेक वेळा तिरकी असते किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, आत आणि बाहेर दोन्हीकडे दिसते आणि तिची रुंदी दोन्ही टोकांना सारखी नसते. वरच्या बाजूला जास्त उघडलेली भेग असेल तर बहुधा भिंतीचे टोक खाली गेलेले असते. खालच्या बाजूला जास्त उघडली असेल तर मधला भाग बसलेला असतो. आमची भेग वर रुंद होती. शिवाय त्या खोलीचे दार उन्हाळ्यात चौकटीला घासत असे आणि पावसाळ्यात आपोआप नीट लागत असे, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. तिचा पायाशी संबंध असेल हे मात्र कधी मनात आले नव्हते.

मग घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला लागून एक खड्डा घेतला. वडिलांनी सुमारे चार फुटांवर दगडी पाया धरला होता आणि त्याखालीही काळी मातीच होती. कठीण मुरूम लागला तो नऊ फुटांवर. खड्ड्याच्या भिंतीतून मातीचे एक ढेकूळ अलगद सोडवले, तेव्हा त्याची एक बाजू तिरपी, गुळगुळीत आणि मेण लावून घासल्यासारखी तुकतुकीत दिसली. फुगता-आकसताना मातीचे थर एकमेकांवर सरकतात आणि घासून अशी झिलई येते, असे अभियंत्यांनी सांगितले. ते ढेकूळ मी आजही जपून ठेवले आहे.

तीच माती तपासायला दिली. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात आणि चोवीस तास स्थिर ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक म्हणजेच मातीचे फुगणे. आमच्या मातीने रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर आणि पाण्यात 20 मिलिलिटर जागा व्यापली, म्हणजे फुगवटा जवळपास 82 टक्के आला. हा आकडा 50 च्या पुढे गेला की पायाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाने ही साधी चाचणी आधीच करून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

यानंतर वर्षभर आम्ही फक्त नोंदी ठेवल्या, आणि सर्वांत कठीण काम हेच होते. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तिच्यावर तारीख घातली. भिंत हलली की काच तडकते. दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून दर रविवारी अंतर मोजले आणि लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, जोत्याची पातळी घेतली. मे महिन्यात सहा मिलिमीटर असलेली भेग सप्टेंबरअखेर दोनवर आली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा सहाच्या आसपास गेली. ती दरवर्षी वाढत नव्हती, ऋतूबरोबर उघडझाप करत होती. पाया सतत खचत असता तर हे आकडे दर वर्षी पुढे सरकले असते, आणि उपायही वेगळा व खर्चिक झाला असता.

कारणे घराभोवतीच सापडली. नैर्ऋत्येला भिंतीपासून दहा फुटांवर मोठा कडुनिंब आहे आणि तो उन्हाळ्यात त्या कोपऱ्याची ओल ओढून घेतो. विरुद्ध बाजूला न्हाणीघराचा गळका पाइप आणि भिंतीलगतचा शोषखड्डा जमीन बारमाही ओली ठेवत होते. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी थेट जोत्याशी पडत होते. म्हणजे एका घराखाली दोन वेगवेगळे ऋतू नांदत होते.

कडुनिंब तोडून टाका, असा सल्ला अनेकांनी दिला. अभियंत्यांनी तो मोडून काढला, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. मोठे झाड एकदम काढले की वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती हळूहळू पाणी घेऊन फुगते आणि तोच कोपरा वर उचलला जातो. आम्ही झाडाची छाटणी केली आणि झाड व भिंत यांच्यामध्ये सहा फूट खोल चर खणून, मुळे पायाकडे येऊ नयेत म्हणून त्यात काँक्रीटचा पातळ पडदा उभा केला. न्हाणीघराचे पाइप बदलले, शोषखड्डा बुजवून दूर हलवला आणि पन्हाळीचे पाणी पाइपने रस्त्याच्या गटारात सोडले. शेवटी घराभोवती सहा-सात फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला आणि त्याखाली जाड प्लास्टिक अंथरले, म्हणजे भिंतीलगतची माती पावसात एकदम भिजणार नाही आणि उन्हात एकदम वाळणार नाही. एवढे झाल्यावर दोन पावसाळे जाऊ दिले. त्यानंतरच्या जानेवारीत, भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना, विटांचे सांधे खरवडून दर चार-पाच थरांनंतर स्टेनलेस स्टीलच्या सळ्या मसाल्यात बसवल्या आणि जाळी मारून प्लास्टर केले.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घराला मात्र अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली नवा पाया देणे, भाग पडले. तिथली भेग दर वर्षी वाढतच होती. ते काम मी रोज जाऊन पाहिले. पायाखालची माती कधीही सलग उकरत नाहीत. तीन-तीन फुटांचे टप्पे पाडतात, एक टप्पा खणून मुरुमापर्यंत जातात आणि तो काँक्रीटने भरल्याशिवाय शेजारच्याला हात लावत नाहीत. नवे काँक्रीट जुन्या पायाला थेट भिडवत नाहीत. मध्ये तीन इंच फट ठेवतात, काँक्रीट आकसून घट्ट झाले की तीत जेमतेम ओला मसाला ठोकून ठोकून भरतात. हे काम अर्ध्या घरालाच केले तर तो भाग स्थिर राहतो, उरलेला मातीबरोबर हलतो आणि सांध्यावर नवी भेग पडते, म्हणून हा निर्णय तज्ज्ञाशिवाय घेऊ नये.

नवे घर बांधणाऱ्यांना तर चांगले मार्ग आधीच उपलब्ध आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, मातीच्या हलत्या थराखाली जाऊन पकड घेतात आणि त्यांच्यावरचा प्लिंथ बीम, म्हणजे भिंती पेलणारी जोत्याची तुळई, जमिनीपासून तीन इंच मोकळा ठेवतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर देण्याची पद्धत मांडली; आपल्याकडे योग्य मुरूम निवडून ती वापरता येते. प्लॉट पाहायला जायचे तर मे महिन्यात जावे आणि तिथली भुईभेग काठीने मोजून पाहावी.

आमच्या भिंतीवर नव्या प्लास्टरनंतर लावलेली काच तीन उन्हाळे अखंड आहे आणि आतल्या खोलीचे दार मे महिन्यातही लागते. कुंपणाची भिंत अजून दर उन्हाळ्यात दोन ठिकाणी उघडते. तिच्यावर कोणताही भार नाही, म्हणून तिच्या भेगा आम्ही भरलेल्या नाहीत. पेन्सिलीच्या खुणा मात्र तिच्यावरही केल्या आहेत.