पेरिगोरच्या मातीत मेथी आणि टोमॅटो

नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यात आमचं घर आहे. इथली माणसं या भागाला अजून पेरिगोर म्हणतात. घरामागे चुनखडीची चिकणमाती आणि बांधाला जुनी अक्रोडाची झाडं. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागायतदारांचं. मातीत हात घालायची सवय होती, इथलं वेळापत्रक मात्र मुळापासून शिकावं लागलं.

निफाडला पेरणीचं गणित पावसावर. इथे पाऊस वर्षभर थोडाथोडा येतच असतो. गणित ठरतं ते थंडीवर आणि दिवसाच्या लांबीवर. एप्रिलमध्ये छान ऊन पडतं, बाजारात टोमॅटोची रोपं येतात, हात शिवशिवतात. शेजारच्या आजींनी मला पहिल्याच वसंतात थांबवलं. 11, 12 आणि 13 मे हे मामेर, पांक्रास आणि सेर्व्हे या संतांचे दिवस. ते उलटल्याशिवाय टोमॅटो, मिरची, भोपळा बाहेर लावायचा नाही, कारण तोवर एखाद्या रात्री हिम पडून रोपं काळी पडू शकतात. मिरचीचं बी मी फेब्रुवारीतच घरात, खिडकीशी टाकते. मेच्या सुरुवातीला रोपं दिवसा बाहेर, रात्री आत. संत गेले की वाफ्यात.

मेथी-कोथिंबिरीचं कोडं वेगळं. आम्ही 45 अंश उत्तरेला. जूनमध्ये साडेपंधरा तास उजेड असतो. एवढा लांब दिवस मिळाला की कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते, मेथीही तशीच. म्हणून त्यांची मुख्य पेरणी ऑगस्टअखेरीस. दिवस लहान होत जातात, पानं रुंद होतात, आणि कोथिंबीर हलकं हिमही सोसते. बी भारतातून आणायचं तर डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पण इथे शेतीच्या दुकानात मेथीचं बी हिरवळीचं खत म्हणून मिळतं! जमिनीत गाडण्यासाठी पेरतात ते पीक मी खुडून भाजीला घेते, याचा मला अजून आनंद होतो.

अक्रोडाजवळचे टोमॅटो पाणी असूनही कोमेजायचे. अक्रोडाच्या मुळांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं आणि टोमॅटोला ते सोसत नाही. वाफा झाडाच्या विस्तारापासून लांब नेला.

आणि करपा. जून-जुलैत दोन-चार दिवस पावसाळी गेले की टोमॅटोच्या पानांवर तपकिरी डाग, मग खोडावर, मग फळावर. आजींनी कोठीतून निळसर पूड काढली आणि मी एकदम माहेरी पोचले. मोरचूद आणि चुना, आपलं बोर्डो मिश्रण! लहानपणापासून वडिलांना ते फवारताना पाहिलेलं. ते ज्या बोर्दोचं, ते शहर माझ्या घरापासून दोन तासांवर. 1882 मध्ये बोर्दोजवळच्या मेदोक या द्राक्षांच्या पट्ट्यात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना दूर ठेवायला हे मिश्रण शिंपडलेलं असायचं, आणि त्या वेलींची पानं रोगातून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. 1885 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. निफाडच्या बागा आजही त्यावर उभ्या आहेत.

तरी मी ते जपून वापरते. मोरचुदातलं तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं, आणि गांडुळांना बाधतं. व्यावसायिक शेतकऱ्यांनाही युरोपात हेक्टरी सात वर्षांत 28 किलोचीच मर्यादा आहे. करप्याला ओलं पान लागतं, तेव्हा पान कोरडं ठेवणं हाच खरा उपाय: वाफ्यावर चार खांब, वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या, खालची पानं काढलेली, पाणी फक्त बुडाशी. छपराखालचे टोमॅटो सप्टेंबरपर्यंत टिकतात.

भेंडीला मात्र छप्पर पुरत नाही, प्लॅस्टिकचा बोगदाच हवा. रात्री गार झाल्या की ती वाढायची थांबते. जूनमध्ये, माती चांगली तापल्यावर, रात्रभर भिजवलेलं बी थेट बोगद्यात टोकायचं.