तुम्ही विचारलंत म्हणून: पहिले तीनच का?

'बेल अँड सेबॅस्टियन एवढे आवडतात, मग पहिल्या तीन अल्बमच्या पुढे का जात नाहीस?' स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या या बँडचा भेटेल तो चाहता हे विचारतो. हल्ली नवराही विचारतो, आणि तो तर चाहताही नाही. आजवर काहीतरी पुटपुटून विषय बदलत आले. आता एकदाच काय ते सांगते.

आधी, जे कारण नाही ते. 'बँड विकला गेला' हे कारण नाही. एके काळी होतं. २००३ मध्ये त्यांचा 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' हा अल्बम आला, निर्माता ट्रेव्हर हॉर्न, सगळं चकचकीत. तेव्हा मी तावातावाने भांडायचे की 'टायगरमिल्क' या पहिल्या अल्बमच्या हजारच प्रती काढणाऱ्यांनी हे करावं? अगं बाई, त्या हजार प्रती काही तत्त्व म्हणून निघाल्या नव्हत्या. ग्लासगोच्या स्टो कॉलेजातल्या कोर्सचं ते प्रॉजेक्ट होतं. आणि १९९६ मध्ये तू ग्लासगोत नव्हतीस, सांगलीत आठवीत होतीस. तुझं काय गेलं होतं?

खरं कारण सांगायला जरा लाज वाटते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ताप आला. ताप आठवड्यात उतरला, पण अंगात त्राण म्हणून परत येईना. पुण्याचं हॉस्टेल सोडून सांगलीला आले. आंघोळ केली की तासभर आडवं व्हावं लागायचं. वेणी घालायला हात वर धरवत नसत, म्हणून आधी आई घालून द्यायची, मग केसच कापून टाकले. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाले, सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल. कोल्हापूरचे काका खाटेच्या कडेला बसून म्हणाले, ''रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग उठायचं. लोळत पडलं की लोळावंसंच वाटतं.'' काकांचं मी मनावर घेतलं नाही. ते सगळ्यांनाच असं बोलतात.

पण एका रात्री पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. बाबांना विचारत होती, ''नाटक तर करत नसेल ना हो ही?'' चिडून नाही, काळजीनेच. दिवसभर माझं सगळं करणारी तीच. बाबा काही बोलले नाहीत. मी वाट बघत राहिले की ते 'नाही' म्हणतील. पंखा फिरत राहिला, थोड्या वेळाने तिकडचा दिवा गेला. आजही मला नक्की कळत नाही की मला जास्त काय लागलं, तिचा प्रश्न की त्यांचं गप्प बसणं.

आतेभावाने भरून दिलेली एक सीडी उशाशी पडून होती. त्या दिवसांत कुठलंही गाणं सोसायचं नाही, ढोलकी वाजली तरी डोक्यात घण बसायचे. त्या रात्री हेडफोन लावले आणि 'द फॉक्स इन द स्नो' लागलं. पियानो, आणि आडवं पडूनच गातोय असा वाटणारा एक आवाज. त्याला कुणाला उठवायचं नव्हतं. बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक स्वतः कित्येक वर्षं एमई म्हणजे न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराने पडून होता आणि गाणी लिहायला त्याच काळात लागला, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसतं एवढंच जाणवलं की हा माणूस जपून, ताकद वाचवत गातोय.

आता गंमत बघा. हे गाणं ज्यात आहे, त्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' या दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण खुद्द मर्डॉकला पसंत नाही. आवाज नीट पकडला गेला नाही म्हणतो. म्हणून २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी अख्खा अल्बम पुन्हा वाजवला आणि प्रसिद्धही केला. मी मोठ्या आशेने ऐकला. व्हायोलिन भरदार, ड्रम स्पष्ट, लोकांच्या टाळ्या. गाणी तीच, पण धडधाकट. मला पुढे ऐकवेना. त्याला जो दोष वाटतो, त्याच्याच आधाराने मी ते महिने काढले होते.

यावर तुम्ही म्हणाल, मग त्याने काय जन्मभर आजारीच राहायचं? बरोबर आहे. शिवाय सुरुवातीचे अल्बम म्हणजे थकलेला, जपून गाणारा आवाज, ही माझी थिअरी पहिल्याच अल्बमवर आपटते. 'टायगरमिल्क'मध्ये 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' आहे, चक्क सिंथेसायझरवर. 'सिनिस्टर'मधलं 'मी अँड द मेजर' धावत सुटतं, माउथऑर्गन कानठळ्या बसवतो. ही दोन्ही मी तेव्हाही ओलांडून पुढे जायचे, आजही जाते. म्हणजे 'पहिले तीन' हेसुद्धा पूर्ण खरं नाही.

आणि २०१५ च्या अल्बममधलं 'नोबडीज एम्पायर'? ते तर त्या आजारावरच आहे. पुढे त्याच नावाची कादंबरीही त्याने लिहिली. मैत्रिणीने 'हे तुझंच गाणं' म्हणून पाठवलं. ऐकलं. शब्द न् शब्द पटला. पुन्हा लावलं नाही. बरा झालेला माणूस आजारपणाबद्दल सांगतो, ते वेगळं असतं. पण मीही बरी झालेच की! मग मला अजून पडून राहिलेलाच माणूस का लागतो? त्याने बरं होऊ नये असं मला आतून वाटतं का? असेलही. तुम्ही विचारलंत, पण मलाही ते सांगता येत नाही.

बाकी मी प्रयत्न करत नाही असं समजू नका. परवा नवऱ्याने गाडीत २०२३ चा 'लेट डेव्हलपर्स' लावला, मिरजेपर्यंत पूर्ण ऐकला. दोन गाणी खरंच छान होती. कोणती, ते मात्र विचारू नका.