हाय शून्य करा, मगच सर्टिफिकेट : कोड ऑडिटचा माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं पॅकहाउसचं अ‍ॅप्लिकेशन आम्ही आधीच्या कंपनीकडून सांभाळायला घेतलं. परदेशी खरेदीदाराला सिक्युरिटी ऑडिटचा रिपोर्ट हवा होता, तोही हंगामाआधी. काम संपलं तरी डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

सुरुवात झटपट झाली. जुन्या कोडमध्ये युजरने टाकलेला मजकूर तसाच जोडून डेटाबेसला विचारायच्या एसक्यूएल क्वेरी बनवल्या होत्या, सेमग्रेप या कोड तपासणाऱ्या टूलने त्या धोक्याच्या जागा नेमक्या दाखवल्या. डिपेंडाबॉट या टूलने लायब्ररींच्या (म्हणजे आयत्या वापरलेल्या कोडच्या) अपडेटच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलांचे तयार प्रस्ताव, काढून दिल्या. ज्यांच्या टेस्ट पास झाल्या त्या मूळ कोडमध्ये मर्ज केल्या. ही टूल्स मी आता प्रत्येक प्रोजेक्टला पहिल्या दिवसापासून लावतो.

गाडी अडली ती ऑडिट करणाऱ्या फर्मकडे. त्यांच्या रिपोर्टमध्ये एक लाल ओळ होती : एनटीएच-चेक नावाची लायब्ररी, सीव्हीई-२०२१-३८०३ (जाहीर झालेल्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक), तीव्रता 'हाय' म्हणजे जास्त, स्कोअर दहापैकी ७.५. त्रुटी खरी आहे. या लायब्ररीला ठरावीक प्रकारचा मजकूर दिला की तिचं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र, सीपीयू खात बसतं. पण ती आमच्याकडे आली कुठून? या अ‍ॅप्लिकेशनच्या स्क्रीन बनवायला रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स हा तयार संच वापरला होता आणि एक लायब्ररी आपल्या पोटात दुसऱ्या लायब्ररी घेऊन येते. रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सच्या पोटात एसव्हीजीओ, त्याच्या पोटात सीएसएस-सिलेक्ट आणि त्याच्याही पोटात ही. एसव्हीजीओचं काम एवढंच, की बिल्ड करताना (कोडपासून चालवायचं अ‍ॅप्लिकेशन तयार करताना) आपल्याच मशीनवर आयकॉनच्या फाइल लहान करायच्या. आमच्याकडे त्यातून जात होता ग्राहकाचा लोगो आणि द्राक्षाच्या घडाचा आयकॉन. ही लायब्ररी सर्व्हरवर जात नाही, ब्राउझरमध्येही नाही. बाहेरच्या माणसाला तिथे काही पाठवायची वाटच नाही.

हे सगळं मी साखळीसकट लिहून पाठवलं. उत्तरात तोच रिपोर्ट परत आला. फोन केला तर पलीकडून, "सर, टूलमध्ये 'हाय' त्रुटी दिसतेय. हाय शून्य करा, मगच सर्टिफिकेट." मेल वाचला का, विचारलं, तर "सर, प्रोसेस आहे." मग त्रुटी असलेल्या लायब्ररी आपोआप बदलणाऱ्या एनपीएम ऑडिट फिक्स या कमांडला फोर्स, म्हणजे जबरदस्तीचा पर्याय, लावून पाहिलं. त्याने रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सची कित्येक वर्षं जुनी आवृत्ती बसवायला घेतली आणि बिल्ड पडलं. फोर्स लावायचाच असेल तर कोडच्या वेगळ्या प्रतीवर, म्हणजे ब्रँचवर लावा, मुख्य ब्रँचवर (मेनवर) कधीच नाही. शेवटी लायब्ररींची यादी असते त्या पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये ओव्हरराइड्सखाली एनटीएच-चेकची २.०.१ ही दुरुस्त आवृत्ती पक्की केली, नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल नव्याने बनवली, बिल्ड नीट चाललं. ऑडिट फर्मकडे मात्र री-टेस्टची (फेरतपासणीची) रांग. रांग संपली तर त्यांनी आमची जुनीच झिप स्कॅन केलेली. पुन्हा रांग. इकडे निर्यातदार रोज विचारतोय, "दादा, कागद आला का?"

याच काळात आमच्याकडची नवीन टेस्टर मुलगी माझ्या टेबलाशी आली. "सर, हे बघा." एका बागायतदाराच्या लॉगिनने तिने मालाची पावती उघडली होती. ब्राउझरमधल्या वेब-पत्त्यातला शेवटचा आकडा तिने एकने वाढवला आणि दुसऱ्याच बागायतदाराची पावती समोर आली : नाव, वजन, दर, बँक खातं. माझ्या अंगावर काटा आला. एकाही टूलने हे धरलं नव्हतं आणि ऑडिटच्या रिपोर्टमध्येही याबद्दल अक्षर नव्हतं. कोडची एकेक ओळ पाहिली तर बिनचूक आहे. कोणती पावती कोणी पाहायची हा धंद्याचा नियम आहे आणि तो टूलला कोणी सांगितलेलाच नसतो. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. आम्ही त्याच संध्याकाळी पावती मागणाऱ्याचीच ती आहे का, हे सर्व्हरवर तपासणं घातलं आणि निर्यातदाराला स्पष्ट कळवलं. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटतं.

आयकॉन लहान करणाऱ्या लायब्ररीपायी हंगाम तोंडावर येईपर्यंत काम अडतं आणि शेतकऱ्याचं खातं उघडं पडलेलं कोणाला दिसत नाही, हे मला अजूनही पटत नाही.

सर्टिफिकेट यथावकाश मिळालं. तुम्ही फर्म ठरवत असाल तर पैशांच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या : टूलचा निकाल कोण वाचणार आणि किती री-टेस्ट धरलेल्या आहेत. रिपोर्टसोबत दोन वेगवेगळी युजर लॉगिन देऊन एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो का हे हाताने तपासायला सांगा. लायब्ररींमधल्या त्रुटी शोधणारी एनपीएम ऑडिट कमांड चालवताना ओमिट-डेव्ह हा पर्याय लावला तर डेव्ह-डिपेंडन्सी, म्हणजे फक्त बनवतानाच लागणाऱ्या लायब्ररी, वगळल्या जातात, पण त्यासाठी रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स आधी त्या यादीत हलवावं लागतं. आणि हे आधीच सांगायला हवं होतं : कोडमध्ये राहिलेले पासवर्ड आणि की शोधणारं गिटलीक्स हे टूल संपूर्ण गिट हिस्टरीवर, म्हणजे कोडच्या सगळ्या जुन्या बदलांच्या नोंदींवर, चालवा. आम्हाला आधीच्या कंपनीने टाकलेली एसएमएस सेवेची गुप्त की तिथे सापडली. अशी की नुसती फाइलमधून पुसून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या जुन्या बदलात) तशीच राहते. आधी ती रद्द करून नवीन घ्या, साफसफाई नंतर.