आमची वाटचाल : पेव्हरचा कारखाना आणि वॉर्डाचा टक्का

2009 मध्ये गावाबाहेर टिनाच्या शेडखाली एक व्हायब्रेटर टेबल, एक पॅन मिक्सर आणि नागपूरहून आणलेले रबरी साचे घेऊन आम्ही पेव्हर ब्लॉक, म्हणजे रस्त्यावर बसवायचे सिमेंटचे ठोकळे, पाडायला लागलो. राख चंद्रपूरच्या वीज केंद्राची, सिमेंट गडचांदूरचं, चुरी, म्हणजे दगडाची भुकटी, जवळच्या क्रशरची. टेबल आजही तेच आहे. मोटर रिवाइंड करून करून चालवतो, पण त्यावर निघालेला ब्लॉक ब्लॉकवर आपटला की खणकन वाजतो. हायड्रॉलिक मशीनवाल्यांनी येऊन ऐकावं.

पुढची काही वर्षं काम चाललं, बँकेचे हप्ते फिटले. मग जीएसटी आला आणि त्याच सुमारास नगरपरिषदेचं काम.

वॉर्डातला रस्ता, 60 मिलिमीटरचा ब्लॉक, ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा एम-35. माल उतरला, बसवला, लोक त्यावरून गाड्या नेऊ लागले आणि बिल अडलं. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, मोजमापच चढेना. विचारलं तर उत्तर एकच, वॉर्डाच्या साहेबांना भेटून घ्या. भेटलो. नगरसेवक चहा पाजून म्हणाले, "भाऊ, कामात सगळ्याईचं राहते. तुमचंच काऊन नाही?" मी दिलं नाही. पैसा हातात नसताना 18 टक्के जीएसटी मात्र खिशातून भरला, कारण बिल फाडलं होतं.

त्याच हंगामात साहेबांच्या साळ्याने पेट्रोलपंपामागे नवी मशीन बसवली. मग रस्त्यांचे तुकडे पडू लागले. एकाच गल्लीची तीन कामं, प्रत्येक तीन लाखांच्या आत, म्हणजे तेव्हाच्या नियमाने ई-निविदा नको. तीन कोटेशनं यायची, तिन्हींत शुद्धलेखनाच्या चुका त्याच. जे काम निविदेला गेलं ते पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, भरायचं आणि वरून सभापतीपासून लेखा विभागापर्यंत वाटे पोचवायचे. हा पैसा निघतो सिमेंटच्या पोत्यातून, दुसरीकडून निघूच शकत नाही. ब्लॉक तिसऱ्या दिवशी ओलाच ट्रॉलीत. पहिल्या पावसात वरचा रंग गेला, दुसऱ्यात कोपरे.

इकडे सिमेंटवाल्याने उधारी बंद केली. छिंदवाड्याकडचे मजूर हिशोब मागून गावी गेले. शेड विकायची बोलणी झाली होती.

तेव्हा जिनिंगवाले बापूजी आले. कापसाचे ट्रक मुरमात फसत होते, त्यांना यार्डात 80 मिलिमीटर, एम-40 हवा होता. मी जुन्या कामाची बिलं दाखवायला काढली तर म्हणाले, "पोरा, बिल नको दाखवू मले, ब्लॉक वाजवून दाखव." अर्धी रक्कम आगाऊ दिली. दिवाळीनंतरचा कापूस दारात उभा असतानाही ट्रक रस्त्याकडेला लावले, पण 28 दिवसांचं क्युरिंग, म्हणजे ब्लॉक ओला ठेवून पक्का होऊ देणं, पूर्ण होऊ दिलं. असा गिऱ्हाईक एक असला की कारखाना उभा राहतो. त्यांच्या ओळखीने बाकीच्या जिनिंगांची कामं आली, मजूर परतले.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, विचारलं नाही तरी सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधी करा. माल पोचवल्याच्या प्रत्येक चलनावर सही-शिक्का घ्या, कागदपत्र द्याल ते आवक क्रमांक घेऊनच. पुरवलेल्या मालाचे पैसे 45 दिवसांत आले नाहीत तर 2006 च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्याने व्याज लागतं, बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. त्यासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेत, अडकलेल्या पैशाचे दावे ऐकतात तिथे, अर्ज करता येतो. आम्ही केला, आणि मुद्दल सुटली. कोणी टक्का मागितला तर लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064. 2018 पासून देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका.

2022 नंतर नगरपरिषदेवर प्रशासक बसले. नगरसेवक माजी झाले, टक्का काही माजी झाला नाही. साळ्याची मशीन सध्या बंद आहे, त्याने बसवलेले ब्लॉक उकरून तिथे काँक्रीट टाकणार म्हणतात. आमची त्या पहिल्या कामाची सुरक्षा ठेव अजून नगरपरिषदेकडेच पडून आहे. स्मरणपत्र दर मार्चला देतो.