पंप उतरवायच्या आधी पाईप बघा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो, साखरप्यात चहाला गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर नुसतं घर्र घर्र, चालू व्हायचं नावच नाही. गाडी २००१ची टर्बो डिझेल, चार सिलेंडर, इंजिनच्या नोझलना दाबानं डिझेल देणारा रोटरी पंप, सगळं मेकॅनिकल, कॉम्प्युटर वगैरे काही भानगड नाही. बॅटरी नवी, सेल्फ जोरात फिरतोय, टाकी अर्ध्याच्या वर. बायको आणि पोरगी आत बसलेल्या, पुढं आंबा घाट आणि अंधार पडत आलेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिक चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे फडकं ओलं कर आणि पंपाच्या मागं जिथनं चार पाईप निघतात ना, त्या हेडला गुंडाळ. पंधरा मिनिटं थांब, मग मार सेल्फ. पाणी ओतू नकोस वरनं, नुसतं फडकं." तसं केलं आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. चाचा फोनवरच म्हणाले, "मग हेड झिजलंय. सावकाश ये."

आता हे फडक्याचं काय आहे ते सांगतो, कारण मला स्वतःला ते कळल्यावर फार भारी वाटलं होतं. या पंपात चार सिलेंडरना मिळून एकच प्लंजर असतो, तो फिरतो पण आणि पुढंमागं पण होतो, आणि तो हेडमध्ये इतका घट्ट बसवलेला असतो की मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. सील वगैरे काही नाही, ती फटच सील. वर्षानुवर्षांच्या कचऱ्यानं, पाण्यानं ती फट वाढली की दाब देताना डिझेल तिथूनच मागं निसटतं. थंड डिझेल जरा जाड असतं म्हणून सकाळी चालून जातं, पण गरम झालं की पातळ, आणि सेल्फवर पंप इतका हळू फिरतो की डिझेलला निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. एकदा इंजिन चालू झालं की पंप जोरात फिरतो, निसटायला वेळ नाही, मग गाडी मस्त पळते. म्हणून लोक फसतात, "पळते तर छान, पंप कसा गेला असेल".

पण माझी खरी गोष्ट उलटी आहे. माझ्या गाडीच्या वर्षभरात तीन तक्रारी होत्या, आणि तिन्हींना बाहेर उत्तर एकच मिळालं, पंप गेला. त्यातली एकच पंपाची निघाली.

पहिली तक्रार सकाळची. रात्रभर उभी राहिली की सकाळी लांबलचक सेल्फ, मग एक सिलेंडर, मग दोन, खडखड करत पांढरा धूर सोडत चालू. हीटर प्लग बदलले, फरक शून्य. एका गॅरेजात नेली, त्यांनी पंप उतरवला, सीलचं किट टाकलं, ९ हजार घेतले, आणि आठवड्यात तक्रार परत जशीच्या तशी. मला त्या पैशांपेक्षा जास्त राग याचा आला की पंप उतरवायच्या आधी कुणी पाच मिनिटं पण लाईन तपासली नाही.

चाचांनी काय केलं तर फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाईप काढून तिथं वीतभर पारदर्शक पाईप लावला. बस्स. सकाळी बॉनेट उघडून बघितलं तर पाईप अर्धा रिकामा, सेल्फ मारला की बुडबुड्यांची रांग. म्हणजे रात्री डिझेल टाकीकडं उतरत होतं आणि कुठूनतरी हवा आत येत होती. यातली मेख अशी की या गाडीत टाकीतून डिझेल ओढायचं काम पंपाच्या पोटातला छोटा फिरता पंप, म्हणजे वेन पंपच करतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या लाईनमध्ये दाब नाही, ओढ असते. ओढ असलेल्या पाईपला चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, आणि आपण म्हणतो लाईन एकदम कोरडी, चांगली आहे.

मग त्यांनी ५ लिटरचा कॅन बॉनेटच्या बाजूला उंचावर ठेवून पंपाला थेट त्यातून डिझेल दिलं, रिटर्न पण त्यातच सोडला. दुसऱ्या सकाळी गाडी अर्ध्या सेल्फला चालू! पंप निर्दोष. त्यानंतर फिल्टरच्या बाजूनं टाकीकडच्या लाईनमध्ये उलटा दाब दिला तेव्हा टाकीजवळच्या रबरी पाईपच्या क्लिपखाली डिझेलचा थेंब दिसला. मीटरभर पाईप आणि दोन क्लिपा, ३०० रुपयांच्या आत काम.

दुसरी तक्रार घाटातली, ओढत नाही. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची. इथं धुराकडं बघा हो, धूर खूप सांगतो. ओढत नाही आणि काळा धूर ओकतेय तर डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय, मग एअर फिल्टर, टर्बोचे होज बघा. माझी ओढतही नव्हती आणि धूरही नव्हता, म्हणजे डिझेलच वाढत नव्हतं. टर्बोवाल्या पंपाच्या डोक्यावर एक चपटी डबी असते, आत रबरी पडदा, टर्बोचा दाब वाढला की पडदा खाली दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. मॅनिफोल्डपासून त्या डबीपर्यंत येणारा बारीक पाईप माझ्या गाडीत कडक होऊन टोकाला तडकला होता. पडदा शाबूत होता, पाईपचं टोक कापून परत बसवलं, झालं.

अशा वेळी बरेच जण फुल लोडचा स्क्रू, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल ते ठरवणारा, आत फिरवून "पिकअप काढून" देतात. कृपा करून करू देऊ नका. गाडी दोन दिवस पळाल्यासारखी वाटते, पण धूर आणि उष्णता वाढते आणि टर्बो मरतो.

तिसरी मात्र खरी, साखरप्याची. पंप उतरवताना चाचांनी आधी पंप इंजिनला जिथं बसतो त्या फ्लँजवर छिन्नीनं खूण केली, परत त्याच जागी बसवता यावा म्हणून. टेस्ट बेंचवर मी शेजारीच उभा होतो. जोरात फिरवलं तर एकेका सिलेंडरचं डिझेल मोजणाऱ्या चारही काचेच्या नळ्या सारख्या भरल्या, सेल्फच्या स्पीडला आणून तेल गरम केलं तर तळाशी जेमतेम. हेड बदललं, सगळी सीलं व्हायटनची, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या खास रबराची टाकली. बसवल्यावर नुसत्या खुणेवर न जाता हेडच्या मधला बोल्ट काढून डायल गेज लावलं आणि प्लंजर किती उचलतो त्यावर टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ धरली, हेड नवीन असेल तर हे पाहिजेच.

सीलांचा विषय निघालाच तर, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, सल्फर १० पीपीएम, आधी ५० होतं. या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच, आणि सल्फर काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो, म्हणून लोक घाबरून टू-स्ट्रोक ऑइल ओततात. वंगणाची मर्यादा बीएस-६ च्या मानकातही आहे, कंपन्या त्यासाठी ॲडिटिव्ह घालतात, मी काही ओतत नाही. जुनी रबरी सीलं मात्र नव्या डिझेलला आकसतात, वीस वर्षं कोरडा असलेला पंप अचानक पाझरायला लागतो तो बऱ्याचदा यामुळं. खरे शत्रू पाणी आणि रॉकेलची भेसळ. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू मी आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोडतो, आधी तीन वर्षांत एकदाही सोडला नव्हता, आणि हेड झिजण्यात त्याचा वाटा आहे हे मला मान्य आहे.

चाचा अजून या पंपाला मायकोच म्हणतात, बंगळूरच्या त्या कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी. जुनं हेड त्यांनी माझ्या हातात दिलं, प्लंजर उजेडात धरला तर आरशासारख्या पोलादावर बारीक उभे ओरखडे, नखाला पण लागत नाहीत असले.

काल आठ दिवसांनी गाडी काढली, पहिल्या सेल्फला चालू झाली. तो पारदर्शक पाईप अजून तसाच आहे, इंजिनच्या उष्णतेनं पिवळा आणि कडक व्हायला लागलाय, रविवारी काढून रबरी बसवायचाय.