फिश आयचं मूळ सापडलं, तेल आतूनच येत होतं

फिश आय, म्हणजे रंगात पडणारे गोल खळगे, गेले! मागच्या अपडेटपासून मी रंगवत असलेली सायकलची फ्रेम प्रायमरवरच (रंगाखालच्या अस्तरावर) अडकली होती. निळ्याचा हात दिला की टॉप ट्यूब, डाउन ट्यूब या मोठ्या नळ्या सुरेख, पण सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक नळीच्या) खालच्या टोकाला, ड्रॉपआउटच्या (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या) वर, तेच गोल खळगे. रंग मागे सरकायचा आणि मधे राखाडी प्रायमर उघडा पडायचा.

तेल किंवा सिलिकॉन असणार हे उघड होतं. म्हणून पुसायचं कापड बदललं, ग्रीस रिमूव्हर बदललं, टॅक क्लॉथ (धूळ टिपायचं चिकट कापड) बाद केलं. ६०० च्या वॉटर पेपरने घासून पुन्हा हात दिला, तरी खळगे हजर, तेही त्याच जागी. बाहेरून उडालेलं सिलिकॉन असतं तर ते कुठेही पडले असते! जागा हलत नाही म्हटल्यावर तिथेच निरखून पाहिलं. सीटस्टेच्या आतल्या बाजूला बारीक भोक आहे. फ्रेम जोडताना नळीतली तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून ते ठेवतात. भोकावर टिश्यू चिकटवून फ्रेम उन्हात ठेवली आणि टिश्यूवर पिवळा डाग उमटला. आधीच्या मालकाने गंज लागू नये म्हणून नळ्यांत तेल फवारलेलं असणार. ऊब मिळाली की ते पातळ होऊन झिरपायचं, म्हणजे मी पुसून वळेपर्यंत पापुद्रा पुन्हा तयार.

मग भोकातून सिरिंजने डिग्रीजर सोडला, फ्रेम उलटसुलट करून निथळली, टिश्यू कोरडा निघेपर्यंत हेच केलं. रंगवताना भोकात टूथपिक घट्ट बसवली. पुसायला दोन कापडं घ्याच: एक ओलं, आणि सॉल्व्हंट उडायच्या आत टिपून घ्यायला दुसरं कोरडं. एकाच कापडाने तेल नुसतं पसरतं. पहिला हात अगदी धुक्यासारखा हलका दिला, त्यावर ओला. एकही खळगा नाही! ती सीटस्टे मी उजेडात फिरवून फिरवून बघतोय.

स्प्रे कॅनला लावायचं पिस्तुलासारखं हँडल घ्याच, बोट दुखत नाही आणि हात एकसारखा बसतो. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या नळीच्या) आट्यांसाठी मास्किंग टेपपेक्षा जुने कप (बेअरिंगच्या वाट्या) फिरवून बसवणं कधीही चांगलं.

उद्या हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) क्रीम रंग द्यायचा होता. पण लिहितानाच लक्षात आलं, टॉप आणि डाउन ट्यूबची भोकं हेड ट्यूबच्या आतच उघडतात. म्हणजे क्रीम थांबवून आधी तिथे टिश्यू. टूकेचा (हार्डनर मिसळायचा, दोन घटकांचा) क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, त्यानंतरच, योग्य कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लावून, कारण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. आतलं तेल धुऊन गेलंय, ते क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर पुन्हा फवारीन.